प्लंबर व्हायचंय : आयटीआय, अप्रेंटिसशिप की उस्तादाचा हात? आणि ही लायसनची भानगड काय आहे?

गळका नळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. बारावी झाली. पुढं डिग्री करायची नाही (यावरून घरात महाभारत होऊन गेलंय, ते इथं नको). प्लंबिंग शिकायचं पक्कं केलंय. सुट्टीत ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांबरोबर दीड महिना फिरलो, पाइप कापणं, डायनं आटे पाडणं, सोल्व्हंट लावणं एवढं येतं आणि मनापासून आवडतं.
आता गोची अशी की तीन जणांनी तीन रस्ते सांगितलेत. मामा म्हणतो आयटीआय कर, वर्षात कागद हातात. मिस्त्रीकाका म्हणतात आयटीआयच्या पोरांना पाना धरता येत नाही, माझ्याबरोबरच रहा. आणि एक क्लासवाला म्हणतो तीन महिन्यांत 'आंतरराष्ट्रीय' सर्टिफिकेट देतो, थेट परदेशात नोकरी. त्यात लायसन लायसन सगळेच म्हणतात पण ते नक्की कोण देतं, कशासाठी लागतं, हे विचारलं की सगळे गोल गोल बोलायला लागतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा ही विनंती.

पाना नंबर १४
धाग्याचं स्वागत. बावीस वर्षं याच कामात आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.
पहिली गोष्ट, सर्टिफिकेट आणि लायसन यांची गल्लत करू नकोस, निम्मे लोक इथंच फसतात. सर्टिफिकेट म्हणजे तू शिकलास याचा दाखला, तो शिकवणारा देतो. लायसन म्हणजे तुझ्या सहीवर काम पास होणार आणि उद्या गळलं तर मान तुझी धरणार, ते सरकार नाहीतर पालिका नाहीतर त्या कामासाठी नेमलेलं मंडळ देतं. क्लासवाला लायसन देऊच शकत नाही, मग तो कितीही आंतरराष्ट्रीय असो. त्याला एकच प्रश्न विचार, की दादा हे सर्टिफिकेट दाखवून कुठल्या देशातलं कुठलं खातं मला कामावर सही करू देईल, नाव सांगा. तो लगेच चहा मागवायला उठेल बघ.

सिव्हिलवाली
पानाकाकांना +१.
भारतापुरतं सांगते, कारण माझा रोजचा संबंध तेवढाच. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा. शेवटी अखिल भारतीय परीक्षा, ती पास झालात की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं. पण तिथं थांबू नका, खरी गंमत पुढं आहे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागता येतं, विद्यावेतन मिळतं, आणि ते पुरं करून परीक्षा दिली की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हे वेगळं मिळतं. बरीच मुलं पहिला कागद घेतात आणि दुसऱ्याकडं फिरकत नाहीत, का ते मला आजवर कळलेलं नाही.
मिस्त्रीकाकांसारखे जे हाताखाली शिकून तयार झालेत त्यांच्यासाठी आरपीएल म्हणून सोय आहे, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन कागद देतात. प्लंबिंगचं स्किल कौन्सिल यात असतं.
आणि लायसन : देशभर चालेल असं एकच प्लंबर लायसन आपल्याकडं नाही. बऱ्याच महापालिका आपापलं देतात, अटी जिथल्या तिथं वेगळ्या, कुठं ट्रेड सर्टिफिकेट मागतात कुठं अनुभव कुठं दोन्ही. नवीन नळजोडणीच्या अर्जावर, ड्रेनेज जोडणीच्या कागदावर या परवानाधारक प्लंबरची सही लागते. घरातला नळ बदलायला कुणी लायसन विचारत नाही.

खडूस काका
मग विषयच संपला की. घरातल्या नळाला लायसन लागत नाही आणि धंदा घरातल्या नळावरच चालतो. मी चाळीस वर्षं बघतोय, उत्तम काम करणाऱ्या निम्म्या प्लंबरना सही करताना पेन धड धरता येत नाही आणि लायसनवाला फक्त सही विकायला येतो, काम दुसराच करतो. ही सगळी फी उकळायची आणि नव्या पोरांना बाहेर ठेवायची कामं आहेत. पोरा, मिस्त्रीला धरून रहा.

पाना नंबर १४
सही विकणारे आहेत, मीही पाहिलेत, ते नाकारत नाही. पण काका, म्हणून लायसनच नको हे पटत नाही. १९३३ साली शिकागोमध्ये जत्रेला, म्हणजे त्या जागतिक प्रदर्शनाला, लोक आले होते, दोन हॉटेलांत उतरले आणि परत जाताना आमांश घेऊन गेले. साधारण १,४०० जण आजारी, ९८ मेले. कारण काय, तर पिण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन यांची जुन्या प्लंबिंगमधे नको तिथं गाठ पडली होती. नळ गळला तर दिसतो हो, उलटं शोषलं गेलेलं पाणी दिसत नाही.

सिव्हिलवाली
आणि २००३चं हाँगकाँग. सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स नावाच्या एका वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली. तपासात संशय गेला बाथरूमच्या जमिनीतल्या नाहणी ट्रॅपवर, म्हणजे नाहणीखालचं ते वळण, ज्यात थोडं पाणी अडून राहतं आणि खालची हवा वर येऊ देत नाही. लोक फरशी पाण्यानं धुण्याऐवजी नुसती पुसून घ्यायचे, त्यामुळं ट्रॅपमधलं पाणी सुकलं, पाण्याचं बूच गेलं की खालच्या उभ्या पाइपची हवा सरळ घरात, वरून एक्झॉस्ट फॅन ती ओढून घेतोय. पाच सेंटिमीटर पाणी असतं हो त्या ट्रॅपमधे, तेवढंच. ते आहे तोवर सगळं ठीक.

खडूस काका
मग हाँगकाँगात लायसनवाले प्लंबर नव्हते का? होते की! झाला का उपयोग?

सिव्हिलवाली
हा मुद्दा मात्र बरोबर आहे, लायसन असून झालं. चूक बसवणाऱ्या हाताची कमी आणि रचनेची जास्त होती. पण त्यातून काय शिकायचं ते प्लंबरलाच माहीत असावं लागतं ना. बेसिनचं सांडपाणी वेगळं न नेता नाहणी ट्रॅपमधूनच फिरवून नेलं तर रोज हात धुताना ट्रॅप आपोआप भरत राहतो. हे कुणीतरी शिकवावं लागतं, हाताखाली राहून पोरगं फक्त उस्ताद करतो तसं करतं, तो का करतो हे त्याला विचारायची सोय नसते. विचारलं की 'गप पाइप धर'.

गळका नळ
शब्दशः हेच ऐकलंय मी दीड महिना :))
पण ट्रॅपचं कारण आज कळलं, काकांनी बेसिनची लाइन नाहणीतच का सोडली होती ते! मला वाटलं होतं पाइप वाचवतायत.

दूरदेशी
उशिरा आलो. मी इथलाच, पण गेली अकरा वर्षं कॅनडात, त्याआधी सहा वर्षं भारतात आणि आखातात याच कामात. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.
देशोदेशी हे गणित इतकं वेगळं आहे की 'प्लंबरचं लायसन' हा शब्दच एकटा वापरता येत नाही. इंग्लंड घ्या. तिथं मी प्लंबर आहे असं कुणीही म्हणू शकतं, त्याला कायद्यानं लायसन लागत नाही. पण गॅसला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरवर नाव पाहिजेच, २००९ पूर्वी हेच काम कॉर्गी नावानं चालायचं. कार्डाच्या मागच्या बाजूला कुठल्या कुठल्या कामाची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, बॉयलर येतो म्हणजे शेगडी येते असं नाही.
जर्मनीत याच्या उलट. पोरगं एका कंपनीशी करार करून साडेतीन वर्षं शिकतं, आठवड्याचे एकदोन दिवस शाळा बाकी साइट, पहिल्या महिन्यापासून पगार. मग गेझेले होतं, म्हणजे तयार कारागीर. पण स्वतःचं दुकान थाटायचं तर सहसा वरची माइस्टर परीक्षा लागते. खडूस काकांना तिथं घेऊन जावं असं फार वाटतं.
अमेरिकेत केंद्राचं लायसन नाहीच, राज्यागणिक नियम. टेक्सासमधे जर्नीमनच्या (शिकाऊच्या वरची पायरी) परीक्षेला बसायला ८,००० तासांचं काम दाखवावं लागतं. आणि न्यूयॉर्क राज्याचं प्लंबर लायसन नाही, न्यूयॉर्क शहराचं आहे! पायऱ्या साधारण शिकाऊ, जर्नीमन, मास्टर अशा. जर्नीमन काम करतो, परमिट काढतो तो मास्टर. शिकाऊच्या चारपाच वर्षांत वर्षाला २,००० तास साइटवर आणि १४४ तास वर्गात असा साधारण हिशोब.
आमच्या ऑन्टारिओत ९,००० तास, त्यातले ७२० वर्गात आणि बाकी ८,२८० कामावर. मग परीक्षा, ७० टक्क्यांना पास. त्यावर रेड सील मिळालं की दुसऱ्या प्रांतातही चालतं.
आता मूळ मुद्दा. अमेरिका काय आणि कॅनडा काय, एक गोष्ट सारखी आहे, सगळे *तास* विचारतात. किती वर्षं नाही, किती तास, कुठल्या प्रकारचे, कुणाच्या देखरेखीखाली. मी इथं आलो तेव्हा सहा वर्षांचा अनुभव होता. भारतातल्या आधीच्या ठेकेदाराकडून (नाव नको) पत्र मागवलं. तीन आठवड्यांनी आलं, दोन ओळी : 'यांनी आमच्याकडे प्लंबर म्हणून काम केले. काम समाधानकारक.' तारीख नाही, तास नाहीत, उंच इमारतीच्या उभ्या लाइन टाकल्या का फक्त नळ बसवले काही नाही. परत फोन केला तर म्हणे आता तू आमच्याकडं नाहीस, आम्ही कशाला एवढं लिहू. त्या चार वर्षांचे शून्य तास धरले गेले. आखातातल्या कंपनीनं टाइमशीट दिली होती म्हणून दोन वर्षं वाचली. पस्तिसाव्या वर्षी मी पुन्हा शिकाऊ झालो, माझा जर्नीमन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. चांगला पोरगा होता, पण मला ड्रेनचा उतार शिकवायचा तेव्हा गप्प बसायला किती कष्ट पडायचे ते माझं मला माहीत.
त्यामुळं गळका नळ, कुठलाही रस्ता घ्या, आजपासून वही ठेवा.

तोटी
दूरदेशीदादा, प्रतिसाद कॉपी करून ठेवलाय.
मी मुलगी आहे आणि आयटीआय प्लंबर. (हो, वर्गात एकटीच होते. हो, साइटवर बाथरूमचा प्रॉब्लेम होतो, बाथरूम बसवायला गेलेल्या माणसालाच. पुढं चला.)
'आयटीआयवाल्यांना पाना धरता येत नाही' यावर बोलायचंय. खरं आहे, थोडं. साइटवर पहिल्या दिवशी मला उस्तादानं खोबणीत वाकून अर्ध्या इंचाची युनियन (दोन पाइप जोडायचं फिटिंग) घट्ट करायला सांगितली, हात पुरेना, पाना फिरायला जागाच नाही, वर्कशॉपमधे सगळं छान टेबलावर वाइसमधे धरून केलेलं. तो हसला. मग दुपारी पीपीआरचा, म्हणजे तापवून जोडायच्या प्लास्टिक पाइपचा, जोड करायचा होता, तो मशीनवर पाइप आणि फिटिंग दाबून आरामात गप्पा मारतोय, मी म्हटलं वीस मिमीला पाच सेकंद बास ना. तो म्हणे जास्त तापवलं की जोड पक्का. आमच्या सरांनी याच गोष्टीसाठी एकदा जास्त तापवलेला जोड करवतीनं उभा चिरून दाखवला होता, आत वितळलेल्या प्लास्टिकची कड अशी जमली होती की भोक निम्मं राहिलेलं, करंगळी जाईना. बाहेरून मात्र एकदम देखणा. मी तिथं तसाच एक चिरला, फुकटचं फिटिंग घालवलं म्हणून शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून तो मोजायला लागला. तोंडातल्या तोंडात, पण मोजतो.
म्हणजे युनियन त्यानं शिकवली, सेकंद मी. दोन्हीकडचं लागतं, कुणी एकानं दुसऱ्याला नावं ठेवू नयेत.

पाना नंबर १४
तोटीताई, दंडवत. पंचवीस मिमीला सात सेकंद, मीही जरा ढिलाईच करत होतो, आता लक्ष ठेवतो.

खडूस काका
बरं बाबा, करवत आणली तर माझं काय चालणार. पण एक विचारतो, वर्षभर आयटीआय, मग अप्रेंटिस, मग पालिकेचे हेलपाटे, तोवर मिस्त्रीबरोबर राहिलेलं पोरगं स्वतःची गिऱ्हाइकं बांधून बसतं. याचा हिशोब कुणी करत नाही.

पाना नंबर १४
करतो ना. ते पोरगं लवकर कमवायला लागतं हे शंभर टक्के खरं. माझाच धाकटा भाऊ तसा, माझ्याआधी तीन वर्षं त्यानं गाडी घेतली. पण तो आजही रिपेरिंगच करतो, कारण नवीन इमारतीचं काम घ्यायला गेला की कन्सल्टंट ड्रॉइंग पुढं टाकतो आणि विचारतो प्रेशर टेस्ट कितीवर घेणार, रिपोर्टवर सही कोण करणार. त्याचं काम माझ्याहून सफाईदार आहे, खोटं कशाला बोलू. सही माझी लागते. दोघा भावांत यावरून दिवाळीलाच वाजतं दरवर्षी.

बावळा बगळा
आखातात जायचं असेल तर काय लागतं? मित्र विचारतोय.

दूरदेशी
सौदीचं सांगतो. तिथं आता व्हिसासाठी कौशल्य चाचणी आहे, सुरुवातीला ज्या मोजक्या ट्रेडना लागू केली त्यात प्लंबर होता. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही, आणि परीक्षा निघण्याआधीच देता येते. 'मित्राला' सांगा की एजंटनं 'परीक्षा मॅनेज करतो' म्हटलं तर तिथूनच मागे फिरायचं. बाकी देशांचं आपापल्या वकिलातीच्या नाहीतर सरकारी साइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर नको.

सिव्हिलवाली
एक राहिलं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६चा भाग ९ प्लंबिंगचा आहे, पाणीपुरवठा, ड्रेनेज सगळं त्यात. जाडजूड आहे, घाबरू नका, ट्रॅप आणि व्हेंट (ड्रेनेजचा हवेचा पाइप) एवढं आधी वाचा. आयटीआयची पुस्तकं त्यापुढं अगदीच किरकोळ वाटतील. जो प्लंबर कोडचं पान काढून बोलतो त्याच्याशी साइट इंजिनिअर आवाज चढवत नाही, हा माझा अनुभव, आणि आवाज चढवणारी मीच असते.

गळका नळ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवूनही सांगितलं नसतं.
क्लासवाल्याला पानाकाकांचा प्रश्न विचारला. चहा नाही मागवला, पण 'सर आल्यावर सांगतो' म्हणाला, आणि नंतर फोन उचलत नाहीये.
मिस्त्रीकाकांशी बोललो. आयटीआयचा फॉर्म भरतोय आणि रविवारी अन् सुट्टीत त्यांच्याबरोबर जाणार. आधी रुसले, मग म्हणाले तुला तिथं आरपीएल का काय ते कळलं तर माझंही बघ. त्यांचं वय बावन्न! त्यानंतर अप्रेंटिसशिप, कंपनी शक्यतो अशी जिथं मोठ्या इमारतींचं काम आहे. पालिकेच्या लायसनच्या अटी काढायला पुढच्या आठवड्यात जातो, नंतर रस्ता बदलायला लागू नये म्हणून.
दूरदेशीदादा, वहीत नक्की काय काय लिहू? आणि काका सही करतील, पण त्यांच्याकडं लायसन नाही, मग ते तास धरतील का?

दूरदेशी
बहुतेक ठिकाणी नाही धरणार, खरं सांगतो. रविवारचे तास हाताला वळण लागायला. मोजायचे तास अप्रेंटिसशिपपासून. तरी आत्ताच सवय लावा. तारीख, साइट, सुरू किती वाजता बंद किती वाजता, काम पाणीपुरवठ्याचं की सांडपाण्याचं की गरम पाण्याचं, पाइप कुठला किती मिमी, आणि तुम्ही स्वतः काय केलंत, 'मदत केली' असं लिहू नका. 'शंभर मिमीची आडवी लाइन, उतार लेव्हलनं तपासला' असं. आठवड्याला सही, महिन्याची एकदम नको, महिन्यानं कुणालाच काही आठवत नाही.

तोटी
आणि सहीखालची तारीख त्यांच्याच हातानं लिहून घे. माझ्या एका पानावर सही त्यांची आणि तारीख माझ्या अक्षरात, तेवढं एक पान वही तपासणाऱ्या साहेबांनी बाजूला काढलं.

गळका नळ
नोंद घेतली. वही आणायला चाललोय, पुठ्ठ्याची जाड, पाण्यात पडली तर?

पाना नंबर १४
पडणारच. पेन्सिलनं लिही. आणि दर रविवारी फोटो काढून ठेव.